थंड इंजिन बंद करू नये

टिंग. ओव्हनची घंटी वाजली आणि स्वयंपाकघरात दोघांच्या मध्ये पाय पसरून बसलेली शांतता एकदाची उठली. तोही उठला. खिळ्यावरचं तिचं जाड फडकं न विचारता घेतलं, ओव्हनचं दार उघडलं आणि आतलं पत्र्याचं झाकण अलगद बाहेर काढलं. गाडीच्या एअर फिल्टरचं झाकण. त्यावरचा काळा रंग भाजून पक्का झाला होता. केक फुगलाय की नाही हे बघायला वाकावं तसा तो वाकून बघत राहिला.

"छान बसलाय," तो झाकणाला म्हणाला.

"परवाच्या केकला ऑइलपेंटचा वास होता," ती कप विसळता विसळता म्हणाली. "पोरीने मिटक्या मारत खाल्ला. म्हणे, बाबाच्या चवीचा आहे."

तो हसला. हसू तसंच ठेवून म्हणाला, "आता नाही त्रास देणार तुझ्या ओव्हनला. एवढंच राहिलं होतं. पुढच्या रविवारी गाडी नेतो. तिकडे गॅरेज रिकामं झालंय."

तिकडे म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे तो आता राहत होता. ज्या बाईबरोबर राहत होता तिचंही या घरातलं नाव 'तिकडे' असंच होतं. तिकडे कसं आहे? तिकडे बरं आहे. तिकडे सर्दी झालीय. कुणाचं नाव न घेता दोन वर्षं निभावता येतात, फक्त जिभेला तशी सवय लागावी लागते.

"बरं होईल," ती म्हणाली. "जागा मोकळी होईल."

तोंडाने म्हणाली. हातातला कप मात्र तिने दुसऱ्यांदा विसळला.

गॅरेज स्वयंपाकघराला लागूनच होतं, मध्ये एक दार. त्या दारातून त्यांची पोर आत आली. पहिलीत जाणारी, गालाला ग्रीस, हातात टॉर्च. बापाने तिचं नाव 'वायसर' ठेवलं होतं. नट नीट बसावा म्हणून मध्ये घालतात ती पातळ चकती, वायसर. तीच सगळ्यात आधी हरवते आणि तिच्याशिवाय काही घट्ट बसत नाही, असं तो म्हणायचा. त्याला अशी वाक्यं सुचायची. निभावायची वेळ आली की सुचायची नाहीत.

"बाबा, दहाचा पाना सापडला."

"कुठला? बंद तोंडाचा की उघड्या?"

"उघड्या तोंडाचा."

"म्हणजे तुझ्या आईचा," तो डोळा मिचकावत म्हणाला.

"बंद तोंडाचे तिकडे मिळत असतील," ती म्हणाली. "वापरून बघ."

पोर दोघांकडे बघून हसली. तिला कळलं काहीच नव्हतं, पण आईबाबा बोलले, एवढं तिला पुरे होतं.

ती गाडी लग्नाच्या पहिल्या वर्षी आली होती. दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी आणि बाकीच्या गाड्यांपेक्षा इंजिनच निराळं. वरखाली नाचणारे पिस्टन नाहीत. शेंगेच्या आकाराची एक पोकळी आणि तिच्यात फिरणारा फुगीर तिकोनी रोटर. असे दोन. रोटरच्या तिन्ही टोकांना पातळ पट्ट्या, त्यांना सील म्हणतात. त्यांनी भिंतीला धरून राहायचं आणि वारा इकडचा तिकडे जाऊ द्यायचा नाही. त्या सीलवर सगळा संसार. त्यांना सतत तेलाचा हात लागतो. तेल सुटलं की दाब गेला, आणि दाब गेला की इंजिन म्हणजे नुसतं ओझं.

म्हणून या इंजिनाचा एक नियम होता. थंड चालू केलं तर गरम होईपर्यंत बंद करायचं नाही. थंडीत ते अधाशासारखं पेट्रोल ओढतं. तशात हातभर पुढे घेऊन बंद केलंत तर न जळलेलं पेट्रोल आत साचतं, सीलवरचं तेल धुऊन नेतं, प्लग भिजतात, आणि मग कितीही किल्ली फिरवा, घोडं उठत नाही.

हा नियम ती चुकूनच शिकली होती. नवी नवरी, हातात झाडू. गॅरेज झाडायचं म्हणून तिने गाडी जरा पुढे घेतली आणि बंद केली. झालं. तो आधी चिडला, मग हसत सुटला, मग प्लग काढून, रोटरच्या पोकळीत चमचाभर तेल सोडून दोघं दिवसभर त्या इंजिनाशी झटली. ओले प्लग काही केल्या ठिणगी देईनात. तो नवे आणायला म्हणून बाहेर पडला. तो नाही असं बघून तिने ते चारही पुसले, वाऱ्यावर ठेवले आणि मग ओव्हनमध्ये मंद भाजले. का, ते तिला सांगता आलं नसतं. ओलं झालं की वाळवावं, एवढं साधं. तो हात हलवत परत आला तेव्हा गाडी गॅरेजमध्ये धुराचे लोट सोडत उभी होती, आणि आत स्टिअरिंगमागे ती, तोंडभर काजळी आणि दात तेवढे पांढरे.

त्या दिवसासारखा दिवस पुन्हा आला नाही. पोरीला झोपवताना ती हीच गोष्ट सांगायची. राजा नाही, राक्षस नाही. एक गाडी होती, तिला सर्दी झाली, आणि आईने तिचे चार दात ओव्हनमध्ये शेकले. पोर रोज विचारायची, "मग बाबा काय म्हणाला?" ती रोज सांगायची, "बाबा म्हणाला, ही बाई कुठून शोधली मी."

पुढे इंजिनाचा दाबच गेला, आणि त्यांनी ते खोललं. ती चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला होती. केसाच्या जाडीचा फरक तिच्या बोटांना कळायचा. हवा आत घ्यायची तोंडं मोठी करायची होती, म्हणजे इंजिन जास्त श्वास घेईल, गाडी जास्त पळेल. कुठवर घासायचं याची रेघ तिने आखून दिली. "याच्या पुढे नको," ती म्हणाली होती, "लोखंड घासून काढता येतं, परत लावता येत नाही." त्याने एका तोंडाला रेघेच्या जरा पुढे घासलंच. त्याला सगळीकडेच जरा पुढे जायची खोड.

मग पोर झाली. इंजिन टेबलावर, कपड्याखाली झाकलेलं, भिजत घोंगडं. आणि पोर चौथं वर्ष संपवत असताना तो दाढीचं सामान आणि कपडे घेऊन तिकडे गेला. इंजिन खोललेलं होतं म्हणून गाडी राहिली. नाहीतर तीही त्याच दिवशी गेली असती.

तेव्हापासून रविवार. तो सकाळी यायचा आणि दिवेलागणीला जायचा. पोर उलट्या खोक्यावर बसून टॉर्च धरायची. दुसरी पोरं बाप भेटला की बागेत जातात. हिचा बाप गाडीखालून पायांनी बोलायचा आणि हिला तेवढं भरपूर व्हायचं. रोटर, सील, स्प्रिंग, सगळी नावं तिला पाठ होती. शाळेत 'माझे बाबा' काढायला सांगितलं तर हिने चार पाय काढले, दोन बाबाचे आणि दोन गाडीच्या स्टँडचे.

एकदा रविवारी पोरीला ताप होता आणि मागवलेले सीलही आले नव्हते. त्याचा फोन आला. "माल आला नाही. मग येऊन काय करू?"

"पोरगी तापलीय."

"औषध दिलंस ना? मग झोपू दे तिला."

पोर झोपली नाही. पांघरूण गुंडाळून गॅरेजमध्ये खोक्यावर बसून राहिली, टॉर्च मांडीवर. बंद ठेवला होता. बाबा येईपर्यंत सेल संपायला नकोत म्हणून.

त्या दिवशी पोरीच्या आईला एक गोष्ट लख्ख कळली, आणि कळली ती कळलीच. गाडी आहे तोवर रविवार आहे.

मग तिने काम काढायला सुरुवात केली. "हा गॅस्केट जुना वाटत नाही का रे?" "एकदा माप परत घे ना." तिच्या बोटांवर त्याचा विश्वास होता, माणसावर नसला तरी. इंजिन पुरतं जुळून तयार झालं होतं, तेव्हा ती एकदा म्हणाली, "मागच्या रोटरची फट मला जास्त वाटली होती. बोलले नव्हते." फट अगदी बरोबर होती. काचा घासताना तिने कधी खोटं माप दिलं नव्हतं. दिलं असतं तर कुणा अनोळखी माणसाला जग तिरपं दिसलं असतं. इथे दिलं. त्याने शिव्या घालत सगळं इंजिन पुन्हा खोललं, आणि पोरीला कितीतरी रविवार मिळाले.

पण खोटं तरी किती पुरणार? इंजिन बसलं, चालू झालं, शेजारच्या काकूंच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. काकू गॅलरीतून म्हणाल्या, "तुमच्याकडे रविवारी माणूस येतो की भूकंप?" आणि आता झाकणाला रंगही बसला होता.

तो रविवार उजाडला. अंगावर शहारे आणणारी थंडी होती. पोर अजून झोपली होती, निदान आईला तसं वाटलं. ती गॅरेजमध्ये गेली. बाहेरचं दार वर सरकवलं. गाडीत बसली. सीट त्याच्या पायांच्या मापाची होती, तिला क्लच पुरा दाबायला घसरून पुढे व्हावं लागलं.

किल्ली फिरवली. इंजिन एका दमात उठलं. त्या घासलेल्या तोंडांमुळे त्याला संथ चालणं ठाऊकच नव्हतं, ते धपधप करत अंग झाडत राहिलं. किती सुरेख जुळलं होतं ते. अर्धं तिच्याच हातचं. गरम होऊ दिलं असतं तर दिवसभर कुरकुरलं नसतं.

तिने गाडी झाडूच्या दांड्याएवढी पुढे घेतली आणि बंद केली. मग पुन्हा चालू करून मागे घेतली आणि पुन्हा बंद केली. काही मोडलं नाही, काही फुटलं नाही. हातावर डागसुद्धा नाही.

वळली तर स्वयंपाकघराच्या दारात पोर उभी, अनवाणी.

"थंडच बंद केलीस," पोर म्हणाली.

"हो गं. चुकून."

पोरीने तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "तिला सर्दी होईल."

"चल, पायात काहीतरी घाल आधी. तुलाच होईल."

तो आला तेव्हा आनंदात होता. पोरीला उचलून गोल फिरवलं, किल्ली बोटाभोवती फिरवली, बसला. इंजिन घुर्र घुर्र करत नुसतंच फिरलं. पुन्हा. पुन्हा. एक प्लग काढून नाकाशी धरला तसा त्याचा चेहरा उतरला.

"पेट्रोलने बुडालंय. कुणी हात लावला होता का?"

"मी," ती म्हणाली. "झाडायचं होतं. जरा पुढे घेतली."

"अगं..." त्याने प्लग तिच्यासमोर धरला, आणि समजावायला लागला. हे साधं इंजिन नाही. यात सील असतात. सीलवर तेल असतं. सावकाश, एकेक शब्द सोडवून, जणू ती पाहुणी म्हणून आली होती आणि तो तिला पहिल्यांदाच बॉनेट उघडून दाखवत होता. "लग्नानंतरही हेच केलं होतंस. आठवतं? काय दमलो होतो मी त्या दिवशी. एकट्याने चालू केली शेवटी."

एकट्याने.

मूर्ख ठरल्याने एक रविवार मिळत असेल तर मूर्ख ठरणं महाग नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. पोर खोक्यावर बसून टॉर्च धरत होती. तिने टॉर्चचा झोत आईवरून प्लगवर वळवला.

त्याने सगळे उपाय केले. पेट्रोलचा फ्यूज काढला, चारही प्लग काढून इंजिन फिरवलं, भोकांतून पेट्रोलचा फवारा उडाला, चमच्याने तेल आत सोडलं. पण प्लग पुसले, घासले, पुन्हा लावले तरी ठिणगी धरेनात. शेवटी बॅटरीही दमली. त्याने ती चार्जरला लावली आणि जमिनीवर बसकण मारली.

"नवे प्लग लागणार. आज सगळं बंद." त्याने तेलकट मनगटाने कपाळ पुसलं. "पुढच्या रविवारी बघू."

तिने चहा टाकला. तो स्वयंपाकघरात येऊन बसला आणि कितीतरी दिवसांनी दोघांनी एका टेबलाशी चहा घेतला.

धीर करून तिने विचारलं, "गाडी गेल्यावर येशील ना रे? हिच्यासाठी?"

"म्हणजे काय. येईन की." त्याने बिस्किट बुडवलं. "बघू, जमेल तसं."

बिस्किट मोडून कपात पडलं. तो ते चमच्याने शोधत बसला.

पोर त्याच्या गुडघ्याला टेकून उभी होती. सकाळपासून बापाचा पडलेला चेहरा तिला सोसत नव्हता. काहीतरी आठवत असल्यासारखी ती ओव्हनकडे बघत होती.

"बाबा, दात शेक ना."

"काय?"

"प्लग. ओव्हनमध्ये. मंद. आधी पुसायचे, मग वाऱ्यावर ठेवायचे, मग ओव्हन." ती बोटांवर मोजत सांगत होती, झोपतानाच्या गोष्टीच्या चालीत. "आईने नाही का केलं होतं? तू बाहेर गेलास तेव्हा. मग तू म्हणालास, ही बाई कुठून शोधली मी."

तो थांबला. पोरीकडे, मग आईकडे पाहिलं. "असं केलं होतंस तू?"

"आठवत नाही," ती म्हणाली.

"आई, रोज तर सांगतेस," पोर म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता. तो उजेड ती ओळखत होती, एके काळी तिच्यासाठी पडायचा. "करून बघायला काय जातंय? वायसर, प्लग आण."

आपल्याच हाताने भरवलेला घास आपल्याच घशात अडकावा तशी ती बसून राहिली. बाप आणि लेक ओव्हनपुढे उकिडवे बसले, काचेतून आत बघत, चार प्लग जाळीवर ओळीने. पोरीचा हात त्याच्या खांद्यावर होता. दोन वर्षांत ती एवढी खूश दिसली नव्हती. त्या पाठमोऱ्या जोडीला 'थांबा' म्हणणार तरी कसं आणि कोणत्या तोंडाने?

टिंग.

प्लग बसले. बॅटरी जोडली. "तू आत बस," तो तिला म्हणाला, "मी सांगतो तेव्हा किल्ली फिरव." ती पुन्हा त्या सीटवर घसरून बसली. किल्ली न फिरवण्याचं धाडस तिला झालं नाही. पोर समोर टॉर्च धरून उभी होती, भर दुपारी.

इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग एका फटक्यात पेटलं आणि आतलं सगळं तेल पांढऱ्या धुरात ओकत धडधडायला लागलं. पोर उड्या मारत होती. "मी सांगितलं! मी सांगितलं!" बापाने तिला उचललं, काजळीच्या हातांनी तिचे गाल धरले. "शाबास माझी वायसर. तुझ्यामुळेच निघाली बघ आज गाडी."

मग त्याने नियमाप्रमाणे गाडी गरम होऊ दिली. गल्लीत धूर भरला. काकूंनी धाडकन खिडकी लावली. काटा वर चढेपर्यंत त्याने पाने गोळा केले, डबे गोळा केले, टेबलावरचं फडकं झटकलं. टॉर्चही सवयीने पेटीत टाकला आणि पेटी सीटमागे सारली.

"भेटू," तो खिडकीतून म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही. आवाज फार होता.

गाडी कोपऱ्यावर वळली. तिचा आवाज कितीतरी वेळ ऐकू येत राहिला, त्या इंजिनाचा आवाज लांबूनही ओळखू यायचा. मग तोही गेला. गॅरेज एवढं मोठं होतं हे ती विसरूनच गेली होती. मधोमध तेलाचा डाग, त्याच्या कडेला उलटं खोकं.

पोर खोक्यावर बसली. टॉर्च धरायची सवय असलेला हात मांडीवर उताणा पडला होता. ती डागाकडे बघत राहिली, मग गाडी सकाळी जिथून हातभर पुढे सरकली होती त्या जागेकडे, मग आईकडे. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. माप जुळत नसलं की बापाच्या कपाळावर यायची तशी.

"आई," ती हळूच म्हणाली, "आता पुढच्या रविवारी बाबासाठी आपण काय बिघडवायचं?"